मातीची एक छोटी खोली

आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असत. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, माणसे राहतात ती जागा. काळीत पिकवायचे आणि पांढरीत राहायचे, अशी ती वाटणी. ही नावे कोणा पंडिताने ठेवलेली दिसत नाहीत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला आणि भिंती घातल्या, त्यांच्याच तोंडची ती असावीत. आणि त्यांत एक शहाणपण आहे. जी माती पिकाला चांगली ती भिंतीला चांगली असेलच असे नाही.

आज तुमच्याशी बोलायचे आहे ते मातीच्या याच पारखीविषयी. विषय तसा लहान आहे. घराच्या परसात किंवा शाळेच्या बागेत अवजारे, पाट्या, बी-बियाणे ठेवायला मातीची एक छोटी खोली कशी बांधावी, एवढाच.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, मातीची खोली कसली सांगता? आमचे आजे-पणजे मातीच्या घरात राहिले, दर पावसाळ्यात गळती मोजत बसले. आम्ही त्यातून एकदाचे सुटलो, तर तुम्ही पुन्हा तिकडेच नेता!" हे म्हणणे मी पुष्कळदा ऐकले आहे. एका शिबिरात एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, "सर, माती गणपतीला ठीक. डोक्यावर नको." त्यांचे बोलणे मला लागले, कारण ते मराठवाड्यातले होते आणि त्यांनी १९९३ साल पाहिले होते.

तेव्हा आधी त्या गोष्टीला सामोरे जाऊ. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून दमलेली माणसे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता! मग एवढी हानी का झाली?

तिथल्या पुष्कळ घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या होत्या. दिसायला भक्कम. पण बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा, आणि मध्ये गोटे नि चिखल भरलेला, अशी त्यांची रचना होती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला असे. जमीन हलली तसे हे दोन पदर फाकले. आणि वर होते माळवद. गळती थांबवायला दर एक-दोन वर्षांनी माळवदावर नवी माती टाकायची, ही रीत. जुनी मात्र कोणी काढत नसे. आपण हिशेब करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशा एका खोलीवर दीड फूट मातीचा थर धरला, तर ती दीडशे घनफूट माती झाली. तिचे वजन सुमारे सात टन भरते. सात टन ओझे निजलेल्या माणसांच्या डोक्यावर आणि त्याखाली फाकणाऱ्या भिंती! ज्या घरांत हा भार लाकडी खांबांवर तोललेला होता, त्यांपैकी काही घरांत भिंती ढासळूनही छप्पर वर राहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दोष मातीचा होता, त्याहून अधिक ती कुठे नि कशी ठेवली याचा होता. त्या वृद्ध गृहस्थांचे अर्धे म्हणणे अगदी खरे आहे, बरं का. डोक्यावर माती नकोच. भिंतीत मात्र ती चालते, पण काही नियम पाळले तरच. भारतीय मानक ब्यूरोने त्याच १९९३ साली मातीच्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून आय. एस. १३८२७ या क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. पुढे मी जी काही मापे सांगणार आहे त्यांतली बरीचशी तिच्याशी मिळतीजुळती आहेत.

बरे, माती म्हणजे केवळ गरिबीची वस्तू असेही नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजी १९३६ साली राहायला गेले. तिथली बापूकुटी माती, बांबू, लाकूड आणि कौले यांचीच आहे आणि आजही उभी आहे. केरळात आयुष्य घालवलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी मातीच्या बांधकामावर सामान्य माणसाला समजेल अशी सचित्र पुस्तिका लिहिली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या 'अस्त्र' या केंद्राने मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांवर वर्षानुवर्षे काम केले. शिकलेली माणसे मातीकडे वळली; आपण मात्र तिची लाज बाळगतो.

आता कामाला लागू. आपली खोली आतून दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद. भिंत दीड फूट जाड. दगडी जोते जमिनीवर दीड फूट, त्यावर मातीची भिंत सहा फूट. एवढ्या भिंतींना दार-खिडकी वजा जाता सुमारे साडेतीन ब्रास माती लागेल. शिक्षकांनी हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. शंभर घनफुटांचा एक ब्रास. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल खड्डा म्हणजे चार ब्रास. पाण्याच्या, घनफळाच्या धड्याला याहून चांगले उदाहरण सापडायचे नाही. खड्डा मात्र खोलीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. पावसाळ्यात तो भरेल, तेव्हा त्याला कुंपणही हवे.

माती कोणती? काळी नको. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की फाटते. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या तुम्ही पाहिल्याच आहेत. भिंतीत तेच होणार. मग पांढरी घ्यावी काय? पूर्वी घेत असत. पण गावाबाहेरची पांढरीची टेकाडे खणण्याआधी थांबा. ती बहुधा जुनी वस्ती असते. घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अशाच टेकाडांत उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांच्या खुणा त्यांना सापडल्या. खापराचे तुकडे दिसले तर कुदळ खाली ठेवा. तो आपला इतिहास आहे. शिवाय माणसा-गुरांच्या दीर्घ वस्तीने त्या मातीत क्षार साचलेले असतात. अशा मातीच्या भिंतीला लोणा लागतो आणि ती पापुद्र्या-पापुद्र्यांनी झडते. तेव्हा तांबूस किंवा पिवळसर, मुरमाच्या वरची माती शोधा. वरचा हातभर थर बाजूला काढा, कारण त्यात मुळ्या आणि कुजका पाला असतो. तो बागेला द्या, आणि खालची माती भिंतीला घ्या.

पारख कशी करायची? एक काचेची बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी आणि चिमूटभर मीठ. झाकण लावून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत तळाशी बसते. तिच्यावर गाळ बसायला तासभर किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. सर्वांत वर चिकणमाती बसते, तिला दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून तिन्ही थर मोजा. शंभर भागांत पंधरा ते पंचवीस भाग चिकण असली तर माती कामाची. कमी असली तर भिंत भुसभुशीत होते, आणि जास्त असली तर ती फाटते. मग तिच्यात वाळू घालायची.

बरणीवर विसंबून राहू नका. तीन नमुन्यांच्या तीन विटा करा. एक नुसत्या मातीची, एक चार भाग मातीला एक भाग वाळू घालून, एक दोन भागांना एक घालून. सावलीत पंधरा दिवस वाळू द्या. कोणती फाटली, कोणती चुरा होते, कोणती कमरेइतक्या उंचीवरून मऊ जमिनीवर पडूनही शाबूत राहते, ते पाहा. उत्तर ती वीटच देईल.

आता जागा आणि पाया. जागा उंचवट्याची घ्या, पावसाचे पाणी जिच्याकडे न येता जिच्यापासून दूर वाहते अशी. काटकोन साधायला कोपऱ्यापासून एका बाजूला सहा फूट आणि दुसऱ्या बाजूला आठ फूट मोजा. दोन खुणांमधले अंतर बरोबर दहा फूट भरले की कोपरा काटकोनात आला. गवंडी हे पूर्वापार करतात आणि मुले तेच भूमितीच्या पुस्तकात शिकतात. दोघांची गाठ इथे घालून द्या. पायाचा चर दोन फूट रुंद आणि कमीत कमी दीड फूट खोल घ्या. काळी जमीन असेल तर दीड फुटावर थांबू नका. घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जा.

'वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. वळचणीच्या पाण्याला ती लागू असेल, पण जमिनीतल्या ओलीला लागू नाही. समईच्या वातीतून जसे तेल चढते, तशी जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत चढते. म्हणून दगडी जोते हवे. ते चुन्यात किंवा सिमेंटात बांधा आणि दर तीन-चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड विसरू नका. किल्लारीचा धडा जोत्यापासूनच सुरू होतो. आतली जमीन मुरूम ठोकून बाहेरच्यापेक्षा फूटभर उंच करा.

मग चिखल. खड्ड्यातली माती आदल्या दिवशी भिजवा. तिच्यात गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा बोट-दोन बोटे लांबीचे तुकडे करून घाला आणि पायांनी तुडवा. कणीक जितकी तिंबाल तितकी पोळी चांगली, हे घरात कुणालाही विचारा. तसेच इथे. तुडवलेला चिखल दोन-चार दिवस ओल्या गोणपाटाखाली मुरू द्या आणि पुन्हा तुडवा. तो भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट हवा. पातळ चिखल भिंतीवर चढवायला सोपा, पण वाळताना तो आकसतो आणि भेगा पाडतो.

भिंत थराथराने चढवा. एक थर फूट-सव्वा फूट उंच, आणि तोही चारी भिंतींना सलग फिरवून. आधी एक भिंत पुरी आणि मग दुसरी, असे करू नका. तसे केले तर कोपऱ्यात सांधा राहतो आणि भूकंपात भिंत तिथेच सुटते. थर दोन-चार दिवस सुकला, अंगठा दाबून खळगा पडेनासा झाला, की माथा खरवडा, थोडे पाणी शिंपडा आणि पुढचा थर घाला. ओळंबा हाताशी ठेवा. ज्यांना थर घालणे जमत नाही त्यांनी कच्च्या विटा पाडून, पुऱ्या वाळवून, त्याच मातीच्या चिखलात रचाव्यात. तेही चांगले.

दार लांब भिंतीच्या मधोमध ठेवा. बाहेरच्या कोपऱ्यापासून दाराच्या कडेपर्यंत निदान चार फूट अखंड भिंत राहिली पाहिजे. दार अडीच फूट रुंद पुरे, खिडकी त्याहून लहान. दारावरची तुळई दोन्ही बाजूंना फूटभर भिंतीत शिरलेली असावी. आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भिंतीच्या माथ्यावर, चारी बाजूंना सलग, लाकडाचा पट्टा बसवा. दोन लांब पट्ट्या, मध्ये दीड-दोन फुटांवर आडवे तुकडे, म्हणजे शिडी आडवी टाकावी तसा. कोपऱ्यात त्या शिड्या एकमेकींना पक्क्या जोडा. धान्याच्या कणगीला जशी बाहेरून दोरी करकचून बांधतात, तसा हा पट्टा चारी भिंतींना एकत्र धरतो. वासे याच पट्ट्यावर बसवून त्याला बांधायचे.

छप्पर हलके. मंगलोरी कौलांचे छप्पर शंभर चौरस फुटांवर चार-पाचशे किलोच्या आसपास जाते. मघाचे सात टन आठवा, म्हणजे फरक कळेल. पत्रा त्याहूनही हलका, पण तो वाऱ्याने उडतो, तेव्हा वाशांना आणि वासे पट्ट्याला घट्ट बांधून ठेवा. दोन पाख्यांचे छप्पर केले तर दोन्ही टोकांना जो त्रिकोण उरतो, तो मातीने भरू नका. उंचावरची ती मोकळी भिंत पहिल्या हादऱ्याला कोसळते. तिथे बांबूचा तट्ट्या लावा, वारा खेळेल. आणि छपराची वळचण भिंतीच्या बाहेर निदान दोन फूट येऊ द्या.

गिलाव्याविषयी माझीच फजिती सांगतो. पहिली खोली बांधली तेव्हा मला वाटले, बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की चिंता मिटली. पहिला पावसाळा झकास गेला. लोक येऊन पाहून गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीवर बोट वाजवले तर पोकळ आवाज येऊ लागला. तिसऱ्या आषाढात हातभर रुंदीचा पापुद्रा धप्पकन खाली आला, आणि त्यामागची माती ओल्या गुळासारखी झालेली! झाले असे होते की सिमेंटाला बारीक भेगा पडल्या, त्यांतून पाणी आत गेले आणि कडक कवचामागे अडकून बसले. मातीचा गिलावा भिजतो, पण ऊन पडताच वाळतोही. आत शिरलेल्या ओलीला तो बाहेर जाऊ देतो. आमच्या शेजारच्या आजी तो पडलेला ढिगारा पाहून एवढेच म्हणाल्या, "भिंतीचं तोंड बांधलंत, मग ती श्वास कुठून घेणार?" त्यांनीच मग चाळलेली माती, वाळू, बारीक भुसा आणि शेण यांचा दोन हातांचा गिलावा करून दाखवला. पहिला हात जाडसर, तो सुकून भेगा पडल्यावर दुसरा पातळ. दर वर्षी दिवाळीपूर्वी एक सारवण. एवढ्यावर ती भिंत उभी आहे.

कोकणातल्या मंडळींनी मात्र एवढी जाड मातीची भिंत घालण्याचा हट्ट धरू नये. तिथला पाऊस निराळा, झड निराळी. जांभ्याच्या चिऱ्यांचे जोते, लाकडी खांब, मध्ये कारवीचा कूड आणि त्यावर शेणामातीचा लेप, ही तुमच्याकडची जुनी रीत अशा खोलीला उत्तम आहे. ती हलकी असते, भूकंपातही बरी, आणि खराब झालेला तुकडा तेवढाच बदलता येतो. पावसाच्या अंगाच्या भिंतीला झापे बांधायला विसरू नका.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ही खोली अवजारांची आहे. तीत वर्ग भरवू नका, मुलांना निजवू नका. राहते घर किंवा शाळा मातीची करायची असेल तर जाणत्या अभियंत्याला जागा दाखवून, त्याच्या सल्ल्यानेच करा. आणि जुन्या घरावर अजून माळवद असेल, तर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा. ही खोली बांधली नाहीत तरी चालेल, पण एवढे ऐका. गळती थांबवायला टाकलेल्या एकेका पाटीनेच ते सात टन झाले होते.

वेळापत्रक सोपे आहे. दसरा झाला की माती पारखा. दिवाळीनंतर पाया आणि जोते. पौष-माघात भिंत. शेवटचा थर घातल्यावर भिंत निदान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर वाळू द्या आणि मगच छप्पर चढवा. फाल्गुन-चैत्रात गिलावा. हे सगळे पुस्तकात वाचून येत नाही. गावात ज्यांचे हात अजून मातीत बसलेले आहेत, त्या म्हाताऱ्या गवंड्याला आणि सारवणाऱ्या आजीला पहिल्या दिवशीच बोलवा. मुलांना त्यांच्या शेजारी उभे करा. आणखी दहा वर्षांनी विचारायला ही माणसे असतीलच असे नाही.

आणि मृगाचा पहिला पाऊस आला की छत्री घेऊन त्या खोलीपाशी जा. पागोळ्या कुठे पडतात ते पाहा. त्या भिंतीपासून दोन फुटांवर, तुम्ही खणलेल्या चरात पडत असतील आणि जोते कोरडे असेल, तर खोली चांगली झाली असे समजा.